बसमधून उतरेल तो वक्ता

“वक्ता चांगला होता, पण रडला नाही.”

मी कार्ड मोठ्यानं वाचलं आणि गोमा हिलमकडे पाहिलं. तो ऑफिसच्या दारात उकिडवा बसला होता. खुर्ची रिकामी होती. पण त्याला खुर्चीवर बसवलं, की तो जरा वेळ बसायचा आणि काहीतरी निमित्त काढून उठायचा.

“कुठल्या गावचा कागद?” त्यानं विचारलं.

“मुरूडचा. परवाच्या सभेचा अभिप्राय आहे.”

“तिथं रडायचा होता का?”

“तसं काही ठरलं नव्हतं.”

“मंग आधी सांगायचा ना,” गोमा म्हणाला. तो थट्टा करत होता की काय, हे त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळायचं नाही.

आमचं ऑफिस पनवेलला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. दारावर ‘वेठबिगार मुक्ती प्रचार मंडळ’ अशी पाटी होती आणि पाटीसकट सगळ्यावर पीठ बसलेलं असायचं. आमचं पत्र आलं की वाचणाऱ्याला हात झटकावे लागत. मंडळाच्या जिल्हाभर शाखा होत्या आणि मी, वत्सला टिपणीस, मंडळाची एकुलती एक पगारी नोकर. कुठला वक्ता कुठल्या शाखेत जाणार, कुठल्या एसटीनं, कुणाकडे उतरणार, कुणाला वांगं चालत नाही आणि कुणाला आंघोळीला कडक पाणी लागतं, हे सगळं मी बघायची.

वेठबिगारी म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. लग्नाला नाहीतर औषधपाण्याला मालकाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्याच्याकडे राबायचं. कायद्यानं हा प्रकार बंद होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. बंद झालेली गोष्ट बंद झाली आहे, हे लोकांना सांगायला आमचे वक्ते गावोगाव हिंडत.

शाखांना सगळ्यात जास्त हवे असत प्राध्यापक ओगले. ओगले सर भाषणाला रोममधून निघायचे आणि पनवेलपर्यंत यायला त्यांना तास-सव्वा तास लागायचा. त्यांच्या भाषणातले गुलाम रोमचे असल्यामुळे सभेत कुणाला अवघडल्यासारखं होत नसे. गोमाचं तसं नव्हतं. तो कातकरी, स्वतःच नऊ वर्षं एका वीटभट्टीवर अडकलेला आणि तिथून सुटलेला. त्याचं भाषण चहा निवायच्या आत संपायचं. “माझा नाव गोमा हिलम. मी नऊ वरसं भट्टीवर होतो. मालक मारीत नव्हता. जाऊ देत नव्हता, येवढाच.” आणखी चार-पाच वाक्यं, आणि तो खाली बसायचा. मग शाखा मला कळवायच्या, ‘पाहुण्यांना थोडे अधिक दुःख सांगण्यास सांगावे.’

तर त्या दिवशी मी मुरूडचं कार्ड खिळ्याला लावलं आणि दुसरं उघडलं. ते पाचकोंड शाखेचं होतं. मी वाचता वाचता थांबले.

“काय लिवलाय?” गोमानं लगेच विचारलं. पाचकोंडचं पत्र त्याला माझ्या तोंडावरून ओळखता यायचं.

त्याचं कारण असं. गोमाचा थोरला भाऊ काळू पाचकोंडला होता, आबासाहेब खानविलकरांच्या घरी. आबासाहेबांची भाताची गिरणी, आंब्याच्या बागा, दारात जीप. गोमाच्या लग्नाच्या वेळी काळूनं त्यांच्याकडून उचल घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोठ्यात कामाला लागला. त्याला बारा वर्षं झाली होती. गोमाला मुलं झाली, तो भट्टीवरून सुटला, मुलं शाळेत जायला लागली, आणि काळू अजून तिथंच होता.

“हळद मला लागली आन् बेडी त्याला,” गोमा एकदा म्हणाला होता. भाषणात तो हे कधीच म्हणाला नाही. म्हणाला असता तर शाखा खूश झाल्या असत्या.

आणि हे आबासाहेब खानविलकर कोण? तर वेठबिगार मुक्ती प्रचार मंडळाच्या पाचकोंड शाखेचे अध्यक्ष. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गंमत म्हणजे माणूस ढोंगी नव्हता. वेठबिगारीची त्यांना मनापासून चीड होती. ती कुठेतरी दूर, वाईट लोकांच्या घरी असते, एवढीच त्यांची समजूत होती. “काळू ना? तो आमच्या घरचाच आहे हो,” असं ते प्रेमानं म्हणत.

गोमा दोनदा तिकडे जाऊन आला होता. मागच्या दारी कुणीतरी त्याला जेवायला वाढलं, आणि काळूनं सांगितलं, “मी सबूद दिलाय. असा कसा येऊ?” एकदा मी खटपट करून सरकारी माणूस चौकशीला पाठवला. त्यानं आबासाहेबांच्या ओटीवर, आबासाहेबांच्या शेजारी बसून काळूला विचारलं, “तू इथे जबरदस्तीनं आहेस का?” काळू म्हणाला, “नाय. मी घरचा मानूस हाय.” प्रकरण मिटलं. तेव्हापासून गोमाचं माझ्याकडे एकच मागणं होतं, मला पाचकोंडला वक्ता म्हणून धाडा. आणि पाचकोंड शाखेचं दर वेळी एकच उत्तर होतं, आम्हाला ओगले सर पाठवा.

मी कार्ड वाचून दाखवलं. शनिवारी दुपारी चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये जाहीर सभा. वक्ते प्रा. ओगले, प्रमुख पाहुणे तहसीलदार गजभिये. सभेत पाचकोंड तालुका वेठबिगारमुक्त झाल्याचा ठराव होईल आणि तहसीलदार तो वर पाठवतील.

“म्हंजे काय होल?” गोमानं विचारलं.

“म्हणजे तिथे वेठबिगार नाहीत असं सरकारदप्तरी लागेल. मग काळूसाठी अर्ज केला तरी कुणी उघडून बघणार नाही. तालुक्यात नाहीतच म्हटल्यावर काळू कुठून असेल?”

गोमा उठला आणि खुर्चीवर बसला. मला तेव्हाच कळलं की आता हा हलणार नाही.

“बाई, शनवारी मी जानार,” तो म्हणाला.

मी संध्याकाळी ओगले सरांच्या घरी गेले.

“सर, शनिवारी तुमची तब्येत बरी नसेल तर चालेल का?”

सरांनी चष्मा काढला. “काय झालंय मला शनिवारी?”

“ते तुम्ही ठरवा.” मग मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते चष्मा पुसत राहिले.

“खानविलकरांकडे मी तीनदा जेवलोय,” शेवटी ते म्हणाले. “वाढायला एक उंच माणूस असतो. पानावर माशी बसू देत नाही. मी त्याला नावसुद्धा विचारलं नाही, टिपणीसबाई.”

मग त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘घसा पूर्ण बसला असून एक शब्दही उच्चारणे अशक्य झाले आहे.’ ती चिठ्ठी त्यांनी मला खणखणीत आवाजात दोनदा वाचून दाखवली.

शनिवारी आम्ही पाचकोंडची गाडी पकडली. मी वाटेत गोमाला पढवत होते. “ठराव आला की उभा राहा. विरोध कर. माझा भाऊ इथे आहे म्हण.”

“दादाला ईचारतील,” गोमा म्हणाला. “मालकासमोर दादा नाय म्हनेल.”

“मग काय करणार?”

“बगू.”

एवढी उठाठेव करून मी ह्याला घेऊन चालले होते आणि ह्याचं आपलं ‘बगू’.

पाचकोंडच्या स्टँडवर आबासाहेब जातीनं आले होते, हातात झेंडूचा भलामोठा हार. मी उतरले, माझ्यामागून गोमा उतरला. त्यानंतर कुणीच उतरलं नाही. आबासाहेबांनी वाकून रिकाम्या गाडीत पाहिलं.

“ओगले सर कुठे?”

मी चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली. “अरेरे. मग सभा पुढे ढकलू या.”

“तहसीलदार आलेत ना?”

“आलेत, पण वक्त्याशिवाय...”

“वक्ते आहेत की. हे गोमा हिलम. आणि आबासाहेब, आपला नियम आहे ना, बसमधून उतरेल तो वक्ता.”

हा नियम खुद्द आबासाहेबांचा. तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्या जावयाला वक्ता म्हणून एका शाखेत पाठवलं होतं. तिथल्या लोकांनी त्याचं भाषण आधी ऐकलेलं होतं, म्हणून त्यांनी त्याला स्टँडवरूनच परत लावून दिलं. त्यावर वार्षिक सभेत आबासाहेबांनी ठराव आणला होता की मंडळानं पाठवलेला जो कुणी बसमधून उतरेल, त्याचा शाखेनं वक्ता म्हणून मानानं स्वीकार केलाच पाहिजे. टाळ्यांच्या कडकडाटात तो मंजूर झाला होता.

आबासाहेबांना तो आठवला. त्यांनी एकदा हाराकडे पाहिलं, एकदा गोमाकडे. माणूस नियमाचा पक्का. त्यांनी हार गोमाच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “या, पाहुणे.” त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं. मागच्या दारी येऊन गेलेला माणूस पुढच्या दारी कोण ओळखतो?

हॉल भरलेला होता. पुढे खुर्च्यांवर गावातली मंडळी, मागे सतरंजीवर बागांतले आणि गिरणीतले गडी. त्यांना आबासाहेबांनी मुद्दाम बोलावलं होतं, कारण ठराव त्यांच्याविषयी होता. तहसीलदार गजभिये नुकतेच नागपूरकडून बदलून आलेले, सडपातळ आणि फारसं न बोलणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर कोरा कागद होता.

शाखेचे कार्यवाह पाटणकर गुरुजी परिचय करून द्यायला उठले. त्यांनी तो आठ दिवस घोकला होता आणि बदलायला आता वेळ नव्हता.

“प्राचीन रोमच्या इतिहासाचे गाढे व्यासंगी,” गुरुजी म्हणाले, “सात ग्रंथांचे कर्ते, परदेशी विद्यापीठांत ज्यांचा दबदबा आहे, असे आपले आजचे वक्ते, श्री. गोमा हिलम!”

टाळ्या झाल्या. गजभिये साहेबांनी गोमाकडे नीट पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. गोमानं हात जोडले.

मग शाल-श्रीफळ. आबासाहेब उठले आणि त्यांच्यामागून तबक घेऊन एक उंच माणूस व्यासपीठावर आला. पांढरे स्वच्छ कपडे, अनवाणी, मान खाली. आबासाहेबांनी शाल उचलून पाहुण्यांच्या खांद्यावर घातली. त्या माणसानं मान वर केली आणि पाहुण्यांचं तोंड बघितलं.

तबक कलंडलं. नारळ घरंगळला, तो गोमानं वरच्यावर धरला.

“अरे काळू, सांभाळून,” आबासाहेब मायेनं म्हणाले.

मला वाटलं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही. काळू तबक छातीशी धरून व्यासपीठाच्या कडेला उभा राहिला आणि गोमानं भाषण सुरू केलं. “माझा नाव गोमा हिलम. मी नऊ वरसं भट्टीवर होतो.” नेहमीची वाक्यं, नेहमीच्या आवाजात. तो खाली बसला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी आधीच काढून ठेवलेले रुमाल परत पिशवीत घातले.

आबासाहेबांनी ठराव वाचला. त्यांनी तो स्वतः लिहिला होता आणि त्यांची भाषा सुंदर होती. “पाचकोंड तालुक्यात आजमितीस एकही वेठबिगार नाही. येथील प्रत्येक गडी स्वखुशीने कामावर असून केव्हाही जाण्यास मोकळा आहे, असे ही सभा अभिमानाने जाहीर करीत आहे.”

“अनुमोदन,” गुरुजींनी कार्यक्रमपत्रिका बघून पुकारलं, “प्रमुख वक्ते.”

ही आमच्या मंडळाची जुनी रीत होती. शाखेच्या ठरावाला बाहेरून आलेल्या वक्त्यानं अनुमोदन द्यायचं. पाहुणा पाहुणाच असतो, तो कशाला मोडता घालेल? आजवर कुणी घातलाही नव्हता. मी खुर्चीची कड घट्ट धरली. आता उठ आणि विरोध कर, मी मनातल्या मनात ओरडत होते.

गोमा उठला. “मी अनुमोदन देतो,” तो म्हणाला.

आबासाहेबांनी समाधानानं मान हलवली.

“पन मी अडानी हाय,” गोमा म्हणाला. पुढच्या रांगेनं सात ग्रंथांच्या कर्त्याचा हा विनय कौतुकानं ऐकला. “म्हनून ईचारून घेतो. आबासायेब, कोनपन कवापन जाऊ शकतो, असा लिवलाय ना तुमी?”

“अर्थात!”

“कोनाची उचल बाकी असली तर?”

आबासाहेब किंचित थांबले. गजभिये साहेबांनी मान वर केली. त्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

“असल्या उचली कायद्यानं रद्दच झाल्यात,” आबासाहेब म्हणाले.

“आन् कोनी सबूद दिला असंल तर? मी जानार नाय, असा?”

“छे छे! कसला शब्द आणि कसलं काय. कुणावर कसलंही बंधन नाही.”

गोमा वळला. आता तो सभेशी बोलत नव्हता.

“दादा,” तो म्हणाला, “आयकलास ना? आबासायबांनी तुजा सबूद तुला परत दिला, सगळ्यांच्या समोर. ताट ठेव खाली. सवासाची गाडी हाय.”

काळूनं गोमाकडे पाहिलंच नाही. तो आबासाहेबांकडे बघत होता.

“मालक,” तो म्हणाला, “जाऊ?”

आबासाहेबांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. त्यात राग नव्हता. आपल्या घरचा माणूस जायची परवानगी मागतोय आणि ती आपणच आत्ता लेखी दिली आहे, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. खरं तर एवढ्या वर्षांत काळूनं परवानगी का मागितली नसेल, तेही बहुतेक ध्यानात येत होतं. नाही म्हणायची सोय त्यांनी स्वतःच, आपल्या सुंदर भाषेत, काढून टाकली होती.

“जा,” ते म्हणाले.

काळूनं तबक टेबलावर ठेवलं. मग उचललं, खांद्यावरच्या पंच्यानं पुसलं आणि पुन्हा ठेवलं. “गुरांना पानी दावायचा हाय,” तो म्हणाला.

“ते दुसरं कुणी दाखवील,” तहसीलदार गजभिये म्हणाले. सबंध सभेत ते प्रथमच बोलले होते. “तुम्ही निघा.”

मागे सतरंजीवर एक बाई उभी राहिली. “सायेब,” तिनं विचारलं, “आमी पन कवापन ना?”

गजभिये साहेबांनी ठरावाचा कागद आबासाहेबांच्या हातातून घेऊन पाहिला. “यात ‘प्रत्येक’ असं आहे,” ते म्हणाले. “ज्यांना जायचंय त्यांनी दाराशी थांबा. मी नावं लिहून घेतो.”

ती बाई दाराकडे गेली. मग तिचा नवरा गेला. मग सतरंजीवरचे इतर उठायला लागले, काही भराभर, काही एकमेकांकडे बघत बघत. सगळे गेले नाहीत. बरेच गेले. पाटणकर गुरुजी कार्यक्रमपत्रिकेबाहेर जाणारे नव्हते. त्यांनी अर्ध्या रिकाम्या हॉलपुढे आभार मानले आणि त्यात प्राध्यापक ओगल्यांच्या ओघवत्या वाणीचा खास उल्लेख केला.

पुढे मुक्तीच्या दाखल्यांना दोन वर्षं लागली आणि आबासाहेबांनी अध्यक्षपद सोडलं, पण ते नंतर. त्या संध्याकाळी आम्ही तिघं सव्वासहाच्या गाडीत होतो. काळू बसायला तयार नव्हता. दांडी धरून उभाच राहिला. शेवटी कंडक्टर म्हणाला, “बसा की हो काका, रिकामी आहे गाडी.” मग तो सीटच्या अगदी कडेला टेकला, मांडीवर नारळ घेऊन. गाडी भाताच्या गिरणीवरून गेली तेव्हा त्यानं खाली मान घातली.

फाटा ओलांडल्यावर त्यानं मला विचारलं, “बाई, परत कवा याचा?”

मी गोमाकडे पाहिलं. गोमा खिडकीशी बसला होता. तो बाहेर बघतच म्हणाला, “नाय याचा.”

“म्हंजे सकाळी?”

“सकाळी पन नाय, दादा.”

काळूनं थोडा विचार केला. “बरा,” तो म्हणाला.

आणि गोमानं ती नवी शाल तोंडात कोंबली आणि तो रडायला लागला. हुंदके आवरेनात, सबंध सीट हलत होतं. काळू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, लहान पोराच्या फिरवावा तसा. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या. कंडक्टर तिकिटं द्यायला आला आणि घाबरला.

“काय झालं यांना?”

“काही नाही,” मी म्हटलं. “वक्ते आहेत.”

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. पाचकोंड शाखेनं त्या सभेचा अभिप्राय कधीच पाठवला नाही. प्रत्येक सभेचं एक कार्ड खिळ्याला लागलंच पाहिजे, असा माझ्याच ऑफिसचा नियम होता. म्हणून महिनाभर वाट पाहून एका सोमवारी सकाळी मी टेबलावरचं पीठ झटकलं, एक कोरं कार्ड घेतलं आणि शाखेच्या वतीनं स्वतःच लिहिलं.

‘वक्ता चांगला होता. रडला, पण भाऊ घरी निघाल्यावर.’